लान्चा ऑरेलिया बी२० : शर्यतीत जिंकलेली, हिशेबात हरलेली

जानेवारी १९५४. युरोपच्या निरनिराळ्या शहरांतून निघून, हिवाळ्यातील रस्ते तुडवत मोनॅकोला पोहोचायचे, अशी माँटे कार्लो रॅलीची रीत. त्या वर्षी पहिला क्रमांक मिळाला तो मोनॅकोचाच सुपुत्र लुई शिराँ आणि सहचालक चिरो बासादोन्ना यांना. शिराँचे वय तेव्हा ५४ होते. १९३१ मध्ये मोनॅको ग्रां प्री जिंकणाऱ्या या चालकाच्या हाती शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेले यंत्र नव्हते. होती ती सभ्य पोशाखातील माणसांनी थिएटरला जावे अशी एक देखणी, महागडी दोन दरवाजांची मोटार. तिचे नाव लान्चा ऑरेलिया बी२० जीटी.

रोमहून समुद्रकिनाऱ्याने वायव्येकडे जाणाऱ्या प्राचीन राजमार्गावरून 'ऑरेलिया' हे नाव आले. तुरीनच्या लान्चा कंपनीने १९५० मध्ये या नावाची चार दरवाजांची मोटार आणली. फ्रान्चेस्को दे विर्जिलियो या अभियंत्याने युद्धकाळापासून ज्याचा ध्यास घेतला होता, ते व्ही-६ इंजिन तिच्यात होते. सहा सिलिंडरांच्या दोन रांगा ६० अंशांच्या कोनात बसवल्या की इंजिन आखूड होते आणि थरथरही आटोक्यात राहते, हे त्याने गणिताने आणि प्रयोगाने सिद्ध केले. नियमित उत्पादनातील मोटारीत बसवलेले हे जगातील पहिले व्ही-६. या कामावर देखरेख होती अल्फा रोमिओच्या शर्यतीच्या मोटारींमुळे कीर्ती मिळवलेल्या वित्तोरियो यानो यांची.

पुढच्याच वर्षी, १९५१ च्या तुरीन प्रदर्शनात, बी२० ही कूपे अवतरली. तिच्या रेखाटनाचे श्रेय प्रामुख्याने गिया कंपनीतील मारिओ बोआनो यांना दिले जाते. सुरुवातीच्या थोड्या गाड्यांनंतर सांगाडे बांधण्याचे काम पिनिन फरीना यांच्याकडे गेले. मागे अलगद उतरत जाणारे छत आणि अंगावर नक्षीचा जवळजवळ अभाव हे तिचे रूप. 'जीटी' म्हणजे 'ग्रान तुरिस्मो' हे बिरुद मिरवणारी ही पहिलीच मोटार, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. अल्फा रोमिओने १९३० च्या सुमारास ते वापरले होते. मात्र चार आसनांची, सामानासह लांबचा पल्ला वेगाने आणि आरामात गाठणारी बंदिस्त कूपे, हा आज रूढ असलेला अर्थ त्या दोन अक्षरांना ऑरेलियामुळेच चिकटला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तांत्रिकदृष्ट्या ही गाडी उलट्या मांडणीची होती. इंजिन पुढे, पण क्लच, गिअरपेटी आणि डिफरन्शियल तिन्ही एकत्र मागच्या बाजूस. त्यामुळे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास समान वाटले जाई. मागचे ब्रेक चाकांत नसून गिअरपेटीलगत होते, म्हणजे चाकांचा भार तेवढा हलका. रस्ता ओला असो वा बर्फाचा, वळणावर गाडीचा तोल चटकन ढळत नसे. रॅलीत नेमके हेच उपयोगी पडते. पहिल्या गाड्यांचे १,९९१ सीसी इंजिन अवघ्या ७५ अश्वशक्तीचे होते. १९५३ पासून २,४५१ सीसीचे आणि ११८ अश्वशक्तीचे इंजिन आले.

भारतीय वाचकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट. इटलीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, तरी लान्चाचे स्टिअरिंग आपल्याकडच्यासारखे उजवीकडेच असे. आल्प्सच्या घाटात चालकाला रस्त्याची कड दिसावी, हे त्याचे एक समर्थन. १९५४ मधील चौथ्या मालिकेपासून डाव्या स्टिअरिंगची सोय झाली.

७५ अश्वशक्ती कमी वाटत असेल, तर एप्रिल १९५१ ची मिल्ले मिलिया शर्यत आठवावी. ब्रेशा ते रोम आणि परत, सुमारे १,६०० किलोमीटर. बिएल्ला येथील कापड उद्योजक जोवान्नी ब्राको आणि तरुण उंबेर्तो मालिओली यांनी नवीकोरी बी२० एकूण क्रमवारीत दुसरी आणली. पुढे होती फक्त लुइजी व्हिल्लोरेसी यांची फेरारी आणि तिचे इंजिन दुपटीहून मोठे, ४.१ लिटरचे होते. त्याच वर्षी ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत बी२० ने दोन लिटर गट जिंकला. १९५२ मध्ये सिसिलीतील तार्गा फ्लोरिओत पहिले तीनही क्रमांक ऑरेलियांचे. विजेते फेलिचे बोनेत्तो. १९५३ मध्ये बेल्जियमचे जॉनी क्लास यांनी लिएज-रोम-लिएज ही दमछाक करणारी रॅली जिंकली. माँटे कार्लोचे यश त्यानंतरचे.

या यशाची दुसरी बाजू जमाखर्चाच्या वहीत होती. ऑरेलिया बांधणे महागात पडत होते आणि विकली जाई तीही जॅग्वार एक्सके १२० पेक्षा चढ्या किमतीला. संस्थापक विन्चेन्झो लान्चा यांचे पुत्र जान्नी यांनी त्यातच फॉर्म्युला वनची डी५० मोटार तयार करविली. मे १९५५ मध्ये अल्बेर्तो आस्कारी मोनॅकोत डी५० सह थेट बंदरात कोसळले आणि बचावले; चारच दिवसांनी मोन्झा येथे फेरारीची चाचणी घेताना त्यांचा मृत्यू झाला. आधीच कर्जात रुतलेल्या कंपनीने शर्यती सोडल्या, डी५० गाड्या फेरारीच्या हवाली केल्या आणि १९५६ चे विश्वविजेतेपद फँजिओंनी फेरारीसाठी त्याच वंशाच्या गाडीतून जिंकले. लान्चा घराण्याच्या हातून कंपनी सिमेंट उद्योजक कार्लो पेझेंती यांच्याकडे आणि १९६९ मध्ये फियाटकडे गेली. लान्चाने नंतर स्ट्रॅटोस, ०३७ आणि डेल्टाच्या बळावर जागतिक रॅलीतील उत्पादकांची दहा अजिंक्यपदे मिळवली, पण तोवर मालक बदललेले होते.

१९५८ पर्यंत सहा मालिकांत सुमारे ३,९०० बी२० तयार झाल्या. पहिल्या मालिका हलक्या आणि चपळ. चौथीपासून मागे दे दियों आस आल्याने चाल अधिक निर्धोक, मात्र वजन वाढलेले. संग्राहकांत यावरून दोन तट आहेत. दुसरा वाद गिअरच्या दांड्याचा. मूळ गाडीत तो स्टिअरिंगच्या खांबावर असे. तुरीनचे एन्रिको नार्दी तो जमिनीवर आणून देत, सोबत जादा कार्ब्युरेटरही बसवीत आणि पुष्कळ मालकांनी त्या काळीच हे बदल करून घेतले. अशी गाडी दुरुस्तीला आली, की कारखान्यातून निघाली तशी ती परत करावी, की नार्दीची खूण तिच्या इतिहासाचा भाग म्हणून राखावी, हा प्रश्न कारागिरापुढे उभा राहतो. ज्या गाडीने रॅलीत प्रत्यक्ष भाग घेतला, तिचा नार्दी दांडा काढून टाकणे म्हणजे पुरावा पुसणेच होय.