लाल की हिरवे?

मंडळी, आपल्याकडे बैलजोडीवरून पारावर जशी जुंपते, तशी अमेरिकेच्या मक्या-गव्हाच्या मुलखात कम्बाइन हार्वेस्टरवरून जुंपते. हिरवे म्हणजे जॉन डिअर. लाल म्हणजे आजचे केस आयएच, पूर्वीचे इंटरनॅशनल हार्वेस्टर. शेजारी शेजाऱ्याच्या यंत्राच्या रंगावरून त्याची यथेच्छ थट्टा करतो.

या थट्टेमागे मोठा इतिहास आहे. सायरस मॅकॉर्मिकने १८३४ मध्ये कापणी यंत्राचे पेटंट घेतले. पुढे मॅकॉर्मिक आणि डिअरिंग या कंपन्यांचे विक्रेते गिऱ्हाइकासाठी हातघाईवर येत. १९०२ मध्ये हेच हाडवैरी एक झाले आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर जन्मली. डिअरचे पहिले कम्बाइन १९२७ चे. १९७७ मध्ये लालवाल्यांनी आडव्या ड्रमऐवजी लांबीच्या दिशेने बसवलेल्या रोटरने मळणारे अ‍ॅक्सियल-फ्लो आणले. दाणा कमी फुटतो, म्हणून त्यांची कॉलर ताठ झाली!

पण १९८० च्या दशकात व्याज चढले, धान्याचे भाव पडले, शेते लिलावात निघाली. नवी यंत्रे घेणार कोण? १९८५ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा धंदा केस कंपनीच्या मालकांकडे गेला. कंपनी गेली, पण लाल रंग आणि लालवाले राहिले.

मला वाटते, ही निष्ठा नुसती कंपनीवर नसतेच. ऐन सुगीत पट्टा तुटतो, आभाळ भरून येते, उभे पीक डोळ्यांसमोर असते. तेव्हा अपरात्री दुकान उघडून सुटा भाग देणारा जवळचा विक्रेता ज्या रंगाचा, तोच रंग घराण्याचा होतो.