जंतू मेला, तरी मूल बहिरे का झाले?

१/ १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. १९५६ मध्ये परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. एकेकाळी जीवाणूजन्य मेंदूज्वराचे बहुतेक रुग्ण दगावत; आता त्यावर औषध होते. तरीही बरे झालेल्यांपैकी कित्येकांची श्रवणशक्ती गेलेली असे, कुणाला फेफरे येत. जंतू नष्ट झाल्यावरही हानी का होते?

२/ रोग जुनाच. १८०५ मध्ये जिनिव्हातील साथीचे वर्णन व्ह्यूसो यांनी केले. १८८७ मध्ये व्हिएन्नात वाइक्सेलबाउम यांनी मेनिंगोकॉकस शोधला. १८९१ मध्ये क्विंके यांनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याची रीत रूढ केली. शत्रू हाती लागला आणि संशोधन दीर्घकाळ त्याच्याभोवतीच फिरत राहिले.

३/ १९६९ मध्ये अमेरिकेत मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर ओळखले. प्राणवायूपासून शरीरातच घातक रेणू निर्माण होतात आणि शरीर त्यांना आवर घालते, हे त्यातून उमगले. हा आवर सुटणे म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह ताण.

४/ मेंदूज्वरात नेमके हेच घडते. पांढऱ्या पेशी जंतूंवर सुपरऑक्साइडचा मारा करतात. नायट्रिक ऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे पेरॉक्सिनायट्राइट बनते आणि ते रक्तवाहिन्या, मेंदूच्या पेशी व अंतर्कर्ण यांना इजा करते. न्यूमोकॉकस तर स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो. शिवाय औषधाने फुटलेल्या जंतूंचे अवशेष दाह आणखी भडकवतात. म्हणजे बचावासाठी उचललेले शस्त्र घरावरच उलटते.

५/ १९९० च्या दशकापासून प्राण्यांवरील प्रयोगांत ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांनी ही हानी घटली. माणसांसाठी मात्र तसे सिद्ध औषध अद्याप नाही. दाहशामक डेक्सामेथासोनमुळे युरोपातील प्रौढ रुग्णांचे मृत्युप्रमाण १५ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००२ मध्ये दिसले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मलावीतील अभ्यासात मात्र मुलांना त्याचा लाभ आढळला नाही.

६/ म्हणूनच प्रतिबंधाचे मोल मोठे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनअफ्रिव्हॅक लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत पोहोचली. परभणीच्या आरोग्य केंद्रात बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांनी मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीतही मेंदूज्वर घडवणाऱ्या हिब जीवाणूविरुद्धचा घटक असतो. जंतू मेंदूपर्यंत पोहोचलाच नाही, तर शरीराला स्वतःशीच झुंजावे लागत नाही आणि बाळाचे कान शाबूत राहतात.