खांबांवर उभे घर

सारंगखेडा म्हटले की तापीचा काठ, दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार डोळ्यांपुढे येतो. पण यात्रेपलीकडेही या खानदेशाची एक जुनी ओळख आहे. ती म्हणजे येथील धाब्याची घरे.

अशा घराचा प्राण लाकडात असतो. दगडी तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचण आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घर केवढे, हे फुटांत नव्हे, तर खणांत सांगत. भार खांब पेलीत. भिंत बहुधा आडोशापुरती असे.

हीच रीत दूर इंग्लंडातही होती. तेथे सागाऐवजी ओक. सुतार आपल्या आवारात लाकडे घडवीत, त्यांवर खुणेचे आकडे कोरीत आणि मग जागेवर आणून लाकडी खुंट्यांनी जोडीत. मधले गाळे आपल्या कुडासारखेच कामट्या आणि माती यांनी भरीत. घराचे मापही ते गाळ्यांतच मोजीत. चेशर परगण्यातील लिटल मोरटन हॉल हे सोळाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले घर याचा उत्तम नमुना आहे. तेथील खिडक्यांवर १५५९ साली धन्याच्या नावासोबत रिचर्ड डेल या सुतारानेही आपले नाव कोरले आणि हे काम देवाच्या कृपेने केले, अशी नोंद केली.

आमच्या धाब्याच्या घरांचे सुतार मात्र बहुधा अनामिकच राहिले. त्यांच्या कामाची साक्ष मिळाली ती एका दुर्दैवी पहाटे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातील हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. मातीचे ते ओझे घातकच ठरले. तथापि ज्या घरांचा लाकडी सांगाडा पुरता व नीट जोडलेला होता, त्यांपैकी अनेकांचे सांगाडे भिंती ढासळूनही उभे राहिले.

आज अशी घरे उतरवून त्यांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहतात. काळाची गरज नाकारता येत नाही. मात्र जुने घर मोडण्यापूर्वी त्याचे खण मोजावेत, सांध्यांची चित्रे काढावीत आणि प्रत्येक लाकडाचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. सुताराचे नाव कोणाला आठवत असेल, तर तेही अवश्य लिहावे.