संज्ञांची एकवाक्यता आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : 'मास्टर-स्लेव्ह' या जोडसंज्ञेचा इतिहास

शास्त्रीय लेखनात एका वस्तूस एकच संज्ञा असावी, हा नियम जितका सर्वमान्य, तितकाच पाळण्यास कठीण आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रलेखनात ही अडचण विशेष तीव्रतेने जाणवते. तेथे लेखक अनेक, परस्परांस बहुधा अपरिचित आणि देशोदेशी विखुरलेले असतात. शिवाय प्रलेखनातील शब्द आणि यंत्रास द्यावयाच्या आज्ञेतील शब्द पुष्कळदा एकच असतात. 'मास्टर-स्लेव्ह' म्हणजे 'धनी-गुलाम' या जोडसंज्ञेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या संज्ञेचा उगम संगणकाच्या पूर्वीचा होय. रॉन एग्लॅश यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तिचा आरंभीचा तांत्रिक वापर १९०४ मधील असल्याचे दाखविले. केपटाउनच्या वेधशाळेत एका घड्याळाच्या नियंत्रणाखाली दुसरे घड्याळ चालविण्याची जी योजना होती, तिचे वर्णन करताना खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी ही उपमा योजिली होती. केप वसाहतीतील गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा सुमारे सत्तर वर्षे लोटली होती. प्रथा गेली, पण तिचे रूपक यंत्रशास्त्रात शिरले. पुढे विदागारांच्या क्षेत्रात, बदल स्वीकारणारा एक संगणक आणि त्याची प्रत बाळगणारे इतर संगणक यांच्यासाठी हीच संज्ञा रूढ झाली.

तीविषयीचा आक्षेपही नवा नाही. लॉस एंजेलिस काउंटीच्या प्रशासनाने २००३ मध्येच आपल्या पुरवठादारांना हे शब्द टाळण्याची विनंती केली होती. मुक्तस्रोत प्रकल्पांपैकी जँगोने २०१४ साली प्रथम 'लीडर-फॉलोअर' आणि लवकरच 'प्रायमरी-रेप्लिका' ही जोडी स्वीकारली. रेडिसने २०१८ मध्ये 'स्लेव्ह'च्या जागी 'रेप्लिका' आणले. मात्र 'मास्टर' तसाच ठेवला आणि जुनी 'स्लेव्हऑफ' ही आज्ञाही चालू ठेवली. मायएसक्यूएलने २०२० पासून 'सोर्स-रेप्लिका' ही जोडी योजिली. पोस्टग्रेसच्या प्रलेखनात 'प्रायमरी-स्टँडबाय', तर मोंगोडीबीत 'प्रायमरी-सेकंडरी' हे शब्द आढळतात.

एक अपमानकारक शब्द मागे पडला, परंतु त्यासरशी क्षेत्रातील एकवाक्यताही भंगली. एका संज्ञेच्या जागी चार-पाच आल्या. वरवर पाहता त्या समानार्थी भासतात. वस्तुतः तशा नाहीत. मायएसक्यूएलमध्ये एखादा संगणक एकाची प्रत आणि त्याच वेळी तिसऱ्याचा स्रोत असू शकतो. अशा मधल्या संगणकास 'सोर्स' म्हणणे यथार्थ आहे, 'प्रायमरी' म्हणणे नव्हे. 'स्टँडबाय' या शब्दात मुख्य संगणक बंद पडल्यास त्याची जागा घेण्याची सिद्धता सूचित होते; 'रेप्लिका'त ती सूचना नाही. म्हणून एका प्रकल्पाची संज्ञा दुसऱ्याच्या पुस्तिकेत सहज उसनी आणली, तर वाचकाच्या मनात संगणकाच्या कार्याविषयीच गैरसमज उत्पन्न होतो. संकटसमयी कोणता संगणक थांबवावा आणि कोणता पुढे आणावा, हा निर्णय ज्यास घ्यावयाचा असतो, त्याच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नसतो.

दुसरी अडचण कालक्रमाची. पुस्तिकेतील शब्द एका दिवसात बदलता येतो. आज्ञेतील शब्द बदलल्यास जगभरच्या चालू यंत्रणा बंद पडण्याचा धोका असतो. मायएसक्यूएलने 'स्टार्ट स्लेव्ह' या आज्ञेस २०२० मध्ये 'स्टार्ट रेप्लिका' हा पर्याय दिला. जुनी आज्ञा पूर्णतः काढली ती २०२४ मधील ८.४ या आवृत्तीत. मधल्या काळात दोन्ही रूपे वैध होती. लिनक्सच्या प्रकल्पाने २०२० मध्ये केलेल्या नियमातही हीच जाणीव दिसते. संहितेतील नावांत व प्रलेखनात जुन्या संज्ञेचा नवा वापर करू नये, असे सांगतानाच, वापरकर्त्यांच्या आज्ञावली ज्यांवर विसंबून आहेत अशी नावे आणि पूर्वीच्या यंत्रविषयक मानकांनी बंधनकारक केलेले शब्द यांना त्या नियमाने अपवाद केले. पर्यायी जोड्याही एक नव्हे, अनेक सुचविल्या.

सारांश, एकवाक्यता म्हणजे सर्वत्र एकच शब्द, ही कल्पना अपुरी आहे. एका पुस्तिकेत एका कार्यास एकच संज्ञा, तिची प्रारंभीच दिलेली व्याख्या आणि जुन्या-नव्या संज्ञांचा कोणत्या आवृत्तीपासून कोणता शब्द हे सांगणारा तक्ता, एवढे घडले तरच शब्द बदलूनही अर्थ अबाधित राहतो. जुना शब्द नुसता पुसून टाकल्यास मात्र पूर्वीच्या पुस्तिका पुढील वाचकास दुर्बोध होतात, आणि तो शब्द का सोडावा लागला याची आठवणही नाहीशी होते.