ऊर्जेची अक्षय्यता आणि अपव्यय

गिरणीतून दळण आणले की पिठाचा डबा हाताला गरम लागतो. गव्हात ही ऊब नव्हती आणि गिरणीत चूलही पेटलेली नव्हती. मोटरने दगड फिरवला, दगडाने दाणा भरडला आणि मीटरवर चढलेली वीज अखेर पिठात व दगडात उष्णता होऊन मुरली. बाहेरच्या जगाशी देवघेव नसलेल्या संस्थेतील एकूण ऊर्जा कमी-जास्त होत नाही, ही ऊर्जेची अक्षय्यता. मात्र रूप पालटताना तिचा काही भाग उष्णता होऊन विखुरतो आणि पुन्हा कामाला जुंपता येत नाही, हा अपव्यय. पिठाच्या उबेवर गिरणी चालत नाही.

हेच दृश्य काउंट रम्फर्डने म्युनिकच्या तोफखान्यात पाहिले. उष्णता हा पदार्थांत साठलेला एक द्रव आहे, असा तेव्हा समज होता. रम्फर्डने बोथट हत्याराने तोफेचा धातू कोरायला लावला. घोडे गरगर फिरत राहिले आणि अडीच तासांत धातूभोवती भरलेले पाणी उकळले. घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, मग तो द्रव साठलेला होता तरी कुठे? १७९८ साली त्याने हे निष्कर्ष मांडले.

हिशेब आकड्यांत बसवला तो मँचेस्टरच्या मद्य-उत्पादकाचा मुलगा जेम्स जूल याने. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापले ते मोजायचे, एवढाच त्याचा प्रयोग. फरक मात्र अंशाच्या छोट्या हिश्शाचा. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ जूल, हे आजचे प्रमाण. त्या हिशेबाने १०० मीटर उंचीवरून कोसळलेले पाणी तळाशी जेमतेम पाव अंश तापते. धबधब्याखाली भिजणाऱ्याला ते कळणे अशक्यच!

ऊर्जा नाहीशी होत नसेल, तर वाया जाते ते काय? या प्रश्नाने विल्यम थॉमसन (पुढचा लॉर्ड केल्व्हिन) अस्वस्थ होता. ऊर्जा तेवढीच राहते, तिची उपयुक्तता घटते, असे उत्तर त्याने १८५२ मध्ये दिले. या घटीच्या मोजमापाला क्लाउझियसने १८६५ मध्ये ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिले.

अपव्यय दर वेळी नकोसा असतो असे नाही. धरणाच्या सांडव्यावरून येणारे पाणी तसेच सोडले तर पायथ्याचा खडक उखडेल, म्हणून त्याला मुद्दाम उसळवून, घुसळवून त्याचा जोर मोडतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अशा रचना प्रतिकृतींवर तपासल्या जातात.

बोरघाटात दोन्ही तत्त्वे एकाच रुळावर भेटतात. लोणावळ्याहून कर्जतला उतरणारी १,००० टनांची गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गमावते. म्हणजे सुमारे १,५०० युनिट ऊर्जा. साध्या ब्रेकने ती चाकांच्या उष्णतेत जाते. रीजनरेटिव्ह ब्रेक असेल, तर इंजिनाच्या मोटरी जनित्र बनतात आणि बरीचशी वीज तारेत परतते. ब्रेकच निकामी झाले, तर ३७ला १ अशा उतारावर सुटलेल्या गाडीसाठी कॅच सायडिंग आहे: मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा रूळ. तिथे वेगाची ऊर्जा पुन्हा उंचीत साठते आणि गाडी मंदावते. घर्षण मुळीच नसते, तर ती तितक्याच वेगाने उलटी खाली आली असती.