छिद्रण यंत्र, घटमालाचलित

छिद्रण यंत्र, घटमालाचलित : विद्युत् पुरवठ्याच्या तारेऐवजी स्वतःस जोडलेल्या, पुनःपुन्हा विद्युत् भारित करता येणाऱ्या घटमालेवर चालणारे हाती छिद्रण यंत्र. लाकूड, धातू, प्लॅस्टिक, वीट, काँक्रीट इत्यादींना भोके पाडण्यासाठी, तसेच मळसूत्री खिळे (स्क्रू) बसविण्यासाठी व काढण्यासाठी ते वापरतात. बोलीभाषेत त्याला ‘ड्रिल मशीन’ म्हणतात.

फिरत्या टोकदार हत्याराने भोक पाडण्याची कला अतिप्राचीन आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सापडलेल्या नवाश्मयुगीन दातांवर गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोके आढळली आहेत. सिंधू संस्कृतीतील कारागीर कार्नेलियनच्या लांब मण्यांना आरपार भोके पाडीत. सुताराचा सामता व गिरमिट ही याच परंपरेतील हत्यारे होत. या सर्वांना गती माणसाच्या हातानेच मिळत असल्याने हत्यार अडकले की हात थांबे व त्याबरोबर हत्यारही थांबे. विजेचा वापर सुरू झाल्यावर ही नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली.

१८८९ मध्ये आर्थर जेम्स आर्नॉट व विल्यम ब्लांच ब्रेन यांनी मेलबर्न येथे विद्युत् छिद्रण यंत्राचे एकस्व घेतले. श्टुटगार्टच्या फाइन या कारखान्याने १८९५ मध्ये हातात धरून चालविता येणारे यंत्र तयार केले. डंकन ब्लॅक व अलोन्झो डेकर यांनी पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबावयाचा खटका यांची जोड देऊन १९१७ मध्ये त्याचे अमेरिकी एकस्व मिळविले. बोट उचलताच विद्युत् प्रवाह खंडित होत असल्याने ही रचना सोयीइतकीच सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरली. मात्र धातूच्या कवचामुळे व झिजलेल्या तारेमुळे विजेचा धक्का बसण्याचा धोका कायम राहिला. दुहेरी निरोधन व प्लॅस्टिकचे कवच यांमुळे तो पुढे बराच कमी झाला.

ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम घटांवर चालणारे छिद्रण यंत्र बाजारात आणले. अशा एका घटाचा दाब सु. १·२ व्होल्ट असल्याने प्रारंभीच्या यंत्रांची शक्ती मर्यादित होती. अपोलो-१५ ते १७ या चांद्रमोहिमांत (१९७१–७२) रुपे-जस्त घटमालेवर चालणारे खास छिद्रण यंत्र वापरण्यात आले. अपोलो-१५ च्या वेळी छिद्रण दंडांच्या सांध्यांपाशी मळसूत्री खोबण खंडित असल्याने सुटलेला चुरा वर येऊ शकला नाही व दंड अडकून बसले. नियोजित ३ मी. ऐवजी खोल भोक सु. १·६ मी. इतकेच झाले. पुढील मोहिमेसाठी सांध्यांची रचना बदलण्यात आली. चुरा बाहेर न पडणे हे बिट अडकण्याचे एक प्रमुख कारण पृथ्वीवरही आहे.

लिथियम आयन घट १९९१ मध्ये बाजारात आले व २००५ च्या सुमारास ते छिद्रण यंत्रांत वापरले जाऊ लागले. त्यांचा दाब सु. ३·६ व्होल्ट असल्याने पाच घटांच्या मालेपासून १८ व्होल्ट मिळतात. कॅडमियम विषारी असल्याने यूरोपीय संघाने या हत्यारांच्या निकेल-कॅडमियम घटांना दिलेली सूट २०१६ अखेर संपुष्टात आणली.

तार गेल्यामुळे पुरवठ्याच्या तारेतून धक्का बसण्याचा धोका टळला. परंतु त्यामुळे यंत्र सर्वस्वी निर्धोक आहे, असा समज होणे घातक ठरते. पहिला धोका पिळाचा. बिट अडकले असता चलित्राचा सर्व पीळ यंत्राच्या कवचाकडे उलटतो व मनगट मुरगळते. म्हणून जास्तीची आडवी मूठ वापरतात, पाय रोवून उभे राहतात, काम शेगड्यात किंवा पकडीत घट्ट आवळतात आणि खोल भोक पाडताना बिट मधूनमधून बाहेर काढून चुरा झाडतात. भोक आरपार जाण्याच्या बेतात असताना दाब कमी करणे आवश्यक असते. पीळ मर्यादित करणारा क्लच मुख्यतः स्क्रू बसविताना उपयोगी पडतो. छिद्रणाच्या स्थितीत तो बहुधा निष्प्रभ असतो.

दुसरा धोका भिंतीतील जिवंत विद्युत् तारेचा होय. यंत्राला तार नसली, तरी बिट तिला लागू शकते. म्हणून बटणे व खटके यांच्या सरळ रेषेत भोक पाडणे टाळतात. तिसरे असे की, घटमाला जोडलेली असेपर्यंत यंत्र कोणत्याही क्षणी फिरू शकते. तारेच्या यंत्राची खुंटी काढलेली डोळ्यांना दिसते. येथे तशी खूण नसते. बिट बदलण्यापूर्वी घटमाला काढणे व यंत्र ठेवून देताना दिशाबदलाचा खटका मधल्या, बंद स्थितीत आणणे हे त्यावरील उपाय होत. सैल हातमोजे, ओढणी, पदर व मोकळे केस फिरत्या चकात गुंततात. डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा आवश्यक असतो. काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना अपायकारक असल्याने योग्य मुखपट्टीही वापरावी लागते.

घटमालेची अग्रे खिळे वा नाणी यांच्या संपर्काने जोडली गेल्यास संक्षेप मंडल होऊन ती तापते व पेट घेऊ शकते. फुगलेली वा आपटलेली घटमाला वापरू नये आणि भारणासाठी निर्मात्याचाच भारक वापरावा. निकामी घटमाला घरगुती कचऱ्यात न टाकता संकलन केंद्राकडे द्यावयाची असते. भारतात यासाठी २०२२ पासून बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियम लागू आहेत.