टन मोजले, माणसं कोण मोजणार?

नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की आधी चौरस फूट मोजले जातात, खोलीतला माणूस नंतर. म्हणून जंगलातल्या कोळशाची मोजणी नायगावच्या तरुणांना परकी वाटू नये.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. जून २०२० मध्ये केंद्राने कोळसा खाणींचा लिलाव जाहीर केला. त्यात ताडोबाजवळचा, वाघांच्या वाटेवरचा बंदर कोळसा पट्टाही होता. राज्याने विरोध केला आणि तो यादीतून वगळला गेला. वाघ वाचला, चांगलंच झालं! पण वाघासाठी बोटेझरीसारखी गावं उठवली गेली, त्यांचा हिशेब कोणत्या वहीत आहे?

इथे बाबासाहेब आठवतात. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले, मजुरांची घरं पाहिली. १९४४ च्या सुरुवातीला कोळसा खाण कामगार कल्याण निधी आला. युद्धाच्या निकडीत सरकारने स्त्रियांवरची भूमिगत कामाची बंदी उठवली होती. त्या निर्णयाची बाजू त्यांना सभागृहात मांडावी लागली, हेही लपवायचं कारण नाही. पण तिथेच त्यांनी स्त्री-पुरुषांना समान वेतनाचं तत्त्वही मांडलं, आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. त्यांना खनिज नको होतं असं नाही. खनिजासोबत माणूसही मोजा, ही त्यांची अट होती.

तोच धागा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत आहे. तिच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या समता निकालात अनुसूचित क्षेत्रातली जमीन खासगी खाणींना भाड्याने देणं बेकायदा ठरवलं. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाण नाकारली.

आता उलटा प्रवास पाहा. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं आणि त्यांच्या भोवतालच्या एक किलोमीटरमध्ये खाणबंदी कायम ठेवली. पण त्याच वर्षी वन कायद्यात दुरुस्ती झाली. खनिज शोधासाठीचं सर्वेक्षण ‘वनेतर काम’ न मानण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. म्हणजे पहिलं भोक पाडण्याची वाट सोपी झाली. ‘फक्त मोजतोय’ असं म्हणतच खाण येत असते. आकडा एकदा कागदावर आला की त्याला गिऱ्हाईक मिळतंच.

म्हणून आपली मागणी साधी हवी : ड्रिल मशीन जंगलात जाण्याआधी ग्रामसभा बसली पाहिजे. टनांच्या आकड्याशेजारी उठणाऱ्या घरांचा आकडा छापला पाहिजे. चाळीत असो वा जंगलात, मोजणी करणाराच मालक होऊन बसतो. तो हक्क आपण सोडायचा नाही.

जय भीम!